पेठेतल्या व्यापारी संघाचा २१ वर्षांचा जमाखर्च परत उभा करताना : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी उरकली आणि आज खजिनदारकी अधिकृतपणे माझ्याकडे आली. अधिकृतपणे म्हणजे काय, तर आधीच्या खजिनदारांनी एक पत्र्याची पेटी, खताच्या दोन पोत्यांत कोंबलेले कागद, संघाचा रबरी शिक्का आणि पाच पासबुकं माझ्या दुकानात आणून ठेवली, चहा घेतला आणि सुटले बिचारे. सांगलीतली आमची पेठ, दुकानं साधारण १४०, संघ १९८८ सालचा. शेवटचा ऑडिट रिपोर्ट २००२-०३ चा. त्यानंतरचं जे काही आहे ते पोत्यात.

आत्ताच हे का काढलं तर बँकेनं केवायसीसाठी सध्याच्या कार्यकारिणीची प्रमाणित यादी आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागितलेत. तोवर खात्यात पैसे भरता येतात, काढता येत नाहीत. रखवालदाराचा पगार अध्यक्ष काका खिशातून देतायत.

मग ठरवलं की तीनच वर्षं कशाला, सुरुवातीची शिल्लक कुठून आणायची हा प्रश्न येणारच, तर २००३-०४ पासून २०२३-२४ पर्यंत सगळंच काढू. दुसऱ्या कुठल्या पेठेत कोणाच्या गळ्यात हेच पडलं असेल तर उपयोग व्हावा म्हणून तारखेवार लिहून ठेवतोय. अकौंटिंगची थिअरी माझ्याकडे मागू नका, माझं स्टेशनरीचं दुकान आहे.

१७ नोव्हेंबर

पेटी उघडली. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात ही पेटी संघाच्या तळमजल्यावरच्या खोलीतच होती, सगळी पेठच पाण्यात, पेटी कोण काढणार. पाणी उतरल्यावर कोणीतरी चांगल्या मनानं सगळ्या वह्या गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. तिथंच घोळ झालाय. गाळ पानापानात बसून सुकला आणि वह्यांची वाळलेल्या पापडाच्या चवडीसारखी गत झालीय, वाकड्या आणि एकमेकांना चिकटलेल्या. पट्टी घालून उघडायला गेलो तर २००८-०९ च्या कीर्दीची पहिली दहा-बारा पानं अर्ध्यातून फाटून आली. थांबलो.

जे चाललं ते असं : झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब, तळाला ओला पिळलेला टॉवेल, त्यावर भाजी धुवायची जाळी उपडी, जाळीवर वही, झाकण लावून रात्रभर. वहीला पाणी लागता कामा नये, फक्त दमट हवा. सकाळी कागद मऊ पडतो आणि बोथट प्लास्टिकच्या पट्टीनं पान सुटतं. सुटलेल्या पानांमध्ये बटर पेपर, आणि सावलीत पंख्याखाली वाळवणं, उन्हात नाही. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवलं की बुरशी धरते, एका खतावणीला धरलीच. गाळ मऊ ब्रशनं, घराबाहेर, मास्क लावून. मास्क न लावता पहिला दिवस काढला तो दोन दिवस शिंकत होतो.

बटर पेपर आणि टब मिळून ७४० रुपये. टब घरातला दिला असता पण घरून नकार आला, बरोबरच होतं ते.

२४ नोव्हेंबर

यात माझ्या धंद्याचा थोडा उपयोग झाला. पुराच्या पाण्यात काय टिकतं ते आधी बघून घ्या म्हणजे कशावर वेळ घालवायचा ते कळतं. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं गेलं, निळे ढग राहिलेत. रबरी शिक्के गेले. जेल पेन गेलं. बॉलपेन बहुतेक सगळं शाबूत, कारण त्याची शाई तेलकट असते. कार्बन कॉपी तर एकदम ठणठणीत. म्हणजे ज्या पावत्या लोकांना दिल्या त्यांची आपल्याकडं राहिलेली कार्बनची प्रत हीच सगळ्यात भक्कम निघाली. पासबुकातली डॉट मॅट्रिक्स छपाई राहिलीय. लेझर प्रिंट राहिलीय, इंकजेट वाहून गेली. आणि ते गुळगुळीत कागदाचे बिल, कार्ड मशीनचे किंवा एटीएमचे, ते पूर नसता आला तरी कोरेच झाले असते, त्यावर वेळ घालवू नका.

कार्बन नसेल आणि बॉलपेन फिकट असेल तर मोबाईलचा टॉर्च पानाला अगदी आडवा धरून फोटो काढा, पेनाच्या दाबाची खाच दिसते. २०११-१२ ची निम्मी वर्गणी यादी अशी वाचली.

आमच्या जुन्या खजिनदारांना शाईच्या पेनाची फार हौस होती. अक्षर सुंदर. होतं.

८ डिसेंबर

दोन आठवडे फुकट गेले. मी पावती पुस्तकांपासून सुरुवात केली होती, एकेक पावती एक्सेलमध्ये, नाव, रक्कम, तारीख. पावती पुस्तकं सलग नाहीतच. एका वर्षात तीन जण तीन पुस्तकं घेऊन फिरायचे आणि संपलेलं पुस्तक परत येईलच असं नाही. २००९-१० मध्ये पावती क्रमांक १ पासून दोनदा सुरू होतात, कारण छापखान्यात सांगायचं राहिलं. बेरीज कशाशीच जुळेना.

सीए म्हणाले (आमच्यातल्याच एकाचा भाचा आहे, अजून फी ठरायचीय), पावत्या बाजूला ठेवा, बँक हा कणा धरा. पैसा संघाचा होता हे बँकेच्या नोंदीवरून सिद्ध होतं, पावतीवरून फक्त कोणी दिला ते कळतं. तेव्हा आधी पासबुकातली प्रत्येक ओळ चढवायची, मग ती ओळ कशाची ते शोधायला पावती-व्हाउचर वापरायचं. उलट दिशेनं केलं की कायम भोकं दिसत राहतात. पहिली शीट अख्खी डिलीट केली.

२४ डिसेंबर

बँकेत गेलो. जुने स्टेटमेंट मागितले. बँकांना खात्याचे कागद ५ किंवा ८ वर्षंच सांभाळायचं कायद्यानं बंधन आहे, कागद कुठला त्यावर ते ठरतं, त्यामुळं २००३ चं लेजर मागायला जाणं म्हणजे चेष्टाच. पण शाखा कोअर बँकिंगवर (सगळ्या शाखांच्या एकत्र संगणक यंत्रणेवर) आली तेव्हापासूनचं सिस्टिममध्ये असतं आणि नीट मागितलं तर देतात. आम्हाला २०१० पासून पुढचं मिळालं, पानाला चार्ज लावून ११०० रुपये झाले. त्याच्या आधीचं पासबुकावरच. पासबुक भरून घ्यायचा कंटाळा केला की बँक मधल्या पन्नास नोंदींची एकच बेरीज छापते, तसं आमच्याकडं २००५ च्या पावसाळ्यात झालंय, पूर होता, कोण जाणार पासबुक भरायला.

१२ जानेवारी २०२५

व्हाउचरवर तारीख नसणं हा मोठा ताप आहे. पण मजकुरावरून साल लागतं, आणि यात मला मजा यायला लागलीय. "व्हॅट मोर्चा, रिक्षा व स्पीकर ३५०" म्हणजे २००५ च्या सुरुवातीचं, कारण महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ ला लागला. "एलबीटी लढा निधी, दुकानटी ५००" (एलबीटी म्हणजे महापालिकेचा स्थानिक संस्था कर) हे २०१५ च्या आधीचंच, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी गेला, म्हणजे आमच्या पेठेतल्या झाडून सगळ्यांचा. "जीएसटी शिबिर, चहा वडापाव" २०१७. आणि "पूर" लिहिलेलं असेल तर मात्र विचार करावा लागतो, २००५ का २०१९ का २०२१. तिथं वडापावच्या दरावरून ठरवलं. हसू नका, बरोबर निघालं, नंतर पासबुकाशी ताळा बसला.

एक्सेलमध्ये आता चारच रकाने महत्त्वाचे ठेवलेत : बँकेतली नोंद, कागदावरचा पुरावा, अंदाज, आणि अंदाज कशावरून. अंदाजाची ओळ पिवळी. पिवळ्याची पांढरी फक्त कागद सापडल्यावरच करायची, कोणी तोंडी सांगितलं म्हणून नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला सगळे जमले होते, तिथंच विषय निघाला. २०१६ चे ६२ हजार.

पेठेत आठ वर्षं कुजबुज आहे की दिवाळीच्या रोषणाईचे उरलेले ६२ हजार गेले कुठं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला झालं आणि ८ नोव्हेंबरला रात्री नोटबंदी. वर्गणी सगळी रोख, सगळ्या ५०० आणि १००० च्या नोटा, तेव्हाच्या खजिनदारांच्या घरी. संघाच्या खात्यावर ही रक्कम कधीच जमा झालेली दिसत नाही. ते गृहस्थ २०२० मध्ये गेले, त्यामुळं विचारायची सोय नाही आणि बोलायला सगळे मोकळे.

२ फेब्रुवारी

त्या खजिनदारांच्या घरी गेलो. वहिनींनी न बोलता त्यांची पासबुकं आणि २०१६, २०१७ च्या खिशातल्या डायऱ्या समोर ठेवल्या, बहुतेक कोणीतरी कधीतरी येईल म्हणून वेगळ्या काढूनच ठेवल्या होत्या. संघाच्या खात्यावर तेव्हा दोन सह्या लागायच्या आणि दुसरे सहीवाले मुलाकडं पुण्याला. बँकेबाहेर रांगा. भरायला सही लागत नाही हे खरं, पण नोटा भरल्या असत्या तर पुढं पेठेतल्या कॅमेऱ्यांचे पैसे सीसीटीव्हीवाल्याला द्यायला काढणार कसे, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी ६२ हजार १९ नोव्हेंबरला स्वतःच्या खात्यात भरले आणि जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच्या चेकनं सीसीटीव्हीवाल्याला ७० हजार दिले. चेक नंबर डायरीत, पासबुकात, आणि सीसीटीव्हीवाल्याच्या बिलावर "चेक मिळाला" म्हणून, तिन्हीकडं तोच. म्हणजे संघाचं घेतलं काहीच नाही, उलट वरचे ८ हजार संघच त्यांना देणं लागतो.

बाकी सगळं पिवळ्याचं पांढरं झालं त्यापेक्षा ही एक ओळ पांढरी करताना बरं वाटलं. ८ हजार घ्या म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, कागद लिहून द्या फक्त, सगळ्यांना दिसेल असा. एप्रिलच्या मीटिंगमध्ये ठराव घेतो.

१६ फेब्रुवारी

आता ज्यात खरंच पैसे गेले ते. २००३ मध्ये संघाच्या दोन मुदतठेवी होत्या, दीड लाख आणि पावणेदोन लाख, दोन वेगवेगळ्या नागरी बँकांत. हा पैसा १९९६ मध्ये गाळेधारकांकडून "बांधणी निधी" म्हणून घेतलेला, संघाचं ऑफिस बांधायला, जागा कधी मिळालीच नाही. त्यातल्या पावणेदोन लाखवाल्या बँकेचा पुढं परवाना रद्द झाला. तेव्हा ठेवविमा १ लाखाचाच होता (५ लाख झाला तो ४ फेब्रुवारी २०२० पासून). एक लाख मिळाले. उरलेले ७५ हजार अवसायकाकडं, म्हणजे बंद बँक गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं, दावा म्हणून.

त्यात चूक कोणाची नाही, पण पुढं काय केलं तर दरवर्षीच्या कच्च्या ताळेबंदात "ठेव ७५,०००" तशीच येत राहिली, मागच्या वर्षीपर्यंत. इतकंच नाही, दोन वर्षं त्यावर व्याज पण धरलंय. प्रत्येक नव्या खजिनदारानं मागच्या कागदावरून आकडे उतरवले. सीएंनी सांगितलं ही रक्कम बुडीत म्हणून एकदा निर्लेखित करून टाका, ठराव करून, आणि अवसायकाकडून कधी काही आलं तर त्या वर्षी उत्पन्नात घ्या. लगेच एक जण म्हणाले, निर्लेखित केलं तर आपण हक्क सोडला असं होईल. होत नाही. दावा दाव्याच्या जागी राहतो, ताळेबंदात फक्त खोटं बोलायचं थांबतं.

९ मार्च

टीडीएस, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापते तो कर. हे सगळ्या संघांनी बघा.

संघाचं पॅन २०११ मध्ये काढलेलं आहे, कार्ड पेटीतच सापडलं, लॅमिनेट केलेलं म्हणून वाचलं. पण एका बँकेत ते ठेवीला जोडलंच नव्हतं. तेव्हा ठेवीचं व्याज वर्षाला १० हजारांच्या वर गेलं की टीडीएस, आणि पॅन नसेल तर १० ऐवजी २० टक्के. २०१९ मध्ये मर्यादा ४० हजार झाली तेव्हा कपात आपोआप थांबली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही की आधी होत होती. (आता १ एप्रिलपासून ५० हजार होतेय.)

बरं, पॅन नसताना कापलेला टीडीएस आपल्या २६ एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) येतच नाही. बँकेनं तिचं टीडीएसचं विवरण दुरुस्त करून आपलं पॅन घातलं तरच येतो. आणि २०१८-१९ पर्यंतच्या जुन्या विवरणांची दुरुस्ती ३१ मार्च २०२५ नंतर बंद. दुसरीकडं आपण रिफंड मागायचा तर त्या वर्षाचं रिटर्न भरायची मुदत केव्हाच गेलीय, अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही, विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो आकारणी वर्ष संपल्यापासून पाचच वर्षांत. २०१८-१९ चं आकारणी वर्ष २०१९-२०, म्हणजे त्याचीही मुदत ३१ मार्च २०२५. दोन्ही दारं एकाच दिवशी बंद आणि आम्हाला कळलं ९ मार्चला. त्याच्या आधीची सात-आठ वर्षं तर गेलीच, सगळी मिळून ३० हजारांच्या आसपास.

२ एप्रिल

हाताशी राहिले ते फक्त २०१८-१९ या एका वर्षाच्या टीडीएसचे ४,६४० रुपये. बँकेच्या मुख्य कार्यालयानं दुरुस्ती २७ मार्चला टाकली, विलंब माफीचा अर्ज आम्ही २९ ला केला. अध्यक्ष काका म्हणत होते सोडा, सीएची फी त्याच्याहून जास्त होईल. झालीच असती, पण आमच्या सीए भाच्यानं या कामाचे घेतले नाहीत. निर्णय यायला किती दिवस लागतील कोण जाणे, ताळेबंदात "येणे" म्हणून धरलेलं नाही, एकदा पोळलोय.

२० एप्रिल

सगळी वर्षं एका शीटवर आली. आणि आज पहिल्यांदा कळलं की संघ अडचणीत का आहे. मला वाटत होतं लोक वर्गणी देत नाहीत म्हणून. ते आहेच, पण मुख्य ते नाही.

२००६-०७ बघा. वर्गणी महिना ५० रुपये, ११८ जणांनी दिली, ७०,८००. ठेवींवर ९ टक्क्यांनी २९,२५० व्याज. रखवालदार महिना २,८०० म्हणजे वर्षाला ३३,६००, बाकी किरकोळ २१ हजार. वर्षअखेर ४५ हजार शिल्लक. रखवालदाराचा जवळजवळ सगळा पगार व्याजातून सुटायचा.

२०२३-२४. वर्गणी महिना १००, दिली ८६ जणांनी, १,०३,२००. ठेवी वाढून साडेचार लाख झाल्यात पण दर ७, व्याज ३१,५००. रखवालदार ११ हजार महिना, वर्षाचे १,३२,०००. कॅमेऱ्यांची देखभाल आणि नेट ३३,६००. किरकोळ धरून खर्च १,८०,०००. तूट ४५,३००.

म्हणजे सतरा वर्षांत व्याज रुपयांत तेवढंच राहिलं आणि पगार चौपट झाला. पूर्वी ठेव संघ चालवत होती, वर्गणी ही वरची शिल्लक होती. कोणी कधी तसं म्हटलं नाही, पण हिशोब तसा होता, म्हणून वर्गणी २०१२ पासून १०० वरच ठेवली तरी कोणाला काही बोचलं नाही. कुणी खाल्लं म्हणून पैसे संपले ही पेठेतली आवडती गोष्ट आहे. पोत्यातल्या कागदांत मला खाणारा कुठं सापडला नाही.

तूट मग भरली कशी? रोषणाईचं उरलेलं इकडं, गणपतीचं उरलेलं तिकडं, आणि २०१९ नंतर सरळ अध्यक्षांच्या खिशातून. २०२०-२१ मध्ये तर लॉकडाऊन म्हणून वर्गणी माफ केली, ठराव आहे, योग्यच होतं, पण रखवालदाराला लॉकडाऊन नव्हता. दुकानं बंद असताना तोच एकटा पेठेत. पुढच्या जुलैत परत पाणी.

११ मे

अध्यक्ष काकांचं हातउसनं. त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही आणि मागितलंही नाही, मी विचारल्यावर म्हणाले असतील दीडेक लाख. त्यांच्या गूगल पेवरून रखवालदाराच्या मुलाच्या खात्यावर आणि कॅमेरेवाल्याला थेट गेलेले पैसे काढले तर ९१ हजार पक्के. बाकीचं रोख, पुरावा नाही. सीए म्हणाले रोखीनं कर्ज घेतलं असं दाखवाल तर २० हजारांची मर्यादा आहे, आधीची बाकी धरून, दंड रकमेएवढा होऊ शकतो. काकांनी कागदावर लिहून दिलं की ९१ हजार येणे, बाकीच्यावर माझा काही दावा नाही. वाद संपला. असा माणूस प्रत्येक संघात असतो आणि तो दमला की संघ बसतो.

याच्या उलटंही सापडलं. वर्गणी गेली तीन वर्षं चिटणिसांच्या मुलाच्या क्यूआरवर जमा होतेय. पैसे सगळे जागेवर आहेत, त्यानं वेगळं खातं ठेवलंय, पण उद्या त्याला नोटीस आली तर आम्ही कोणतं तोंड दाखवणार. बँकेत संघाच्या नावाच्या क्यूआरचा अर्ज दिला, केवायसी झाल्यावर मिळेल.

६ जुलै

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं बदल अर्ज द्यायचा असतो, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम २२. आमच्या २००६ पासूनच्या एकाही निवडणुकीचा दिलेला नाही. म्हणजे सरकार दरबारी अजून तेव्हाचीच कार्यकारिणी आहे आणि त्यातले चार जण हयात नाहीत. प्रत्येक निवडणुकीचा वेगळा अर्ज, विलंब माफीसकट, सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं. इतिवृत्ताची वही सुदैवानं माळ्यावर होती, तिला पाणी लागलं नाही. एक मधली निवडणूक मात्र झालीच नव्हती, "मागील कार्यकारिणी कायम" एवढीच ओळ आहे. वकिलांनी तेही चालवून घेतलं.

वकील १२ हजार. ऑडिटचे सीएंनी शेवटी सगळ्या वर्षांचे मिळून ३५ हजार सांगितले, बाहेर यापेक्षा बरेच जास्त सांगत होते. हे पैसे कार्यकारिणीतल्या सात जणांनी वाटून घातलेत, यावेळी पावत्या घेऊन.

१० ऑगस्ट

वार्षिक सभा. गणपतीच्या आधी उरकायची होती. एका पानावर दोन वर्षांचे आकडे छापून वाटले, २००६-०७ आणि २०२३-२४ शेजारी शेजारी, बाकी काही नाही. पहिली पाच मिनिटं कोणीच बोललं नाही, आमच्या सभेत असं होत नाही.

नंतर बोलले. वर्गणी २०० मागितली होती. एक शेठ म्हणाले वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लावावा लागेल, बेकायदेशीर होईल. आमची सगळी जमा दोन लाखांच्या आत, नोंदणीची मर्यादा २० लाख, विषय संपला. दुसरे म्हणाले जे देत नाहीत त्यांची थकबाकी आधी वसूल करा. त्यावर न देणाऱ्यांपैकीच एक उठून म्हणाले की कॅमेरा आमच्या दुकानाकडं कधी वळवलाय का. खरं होतं, पेठेच्या खालच्या टोकाला कॅमेराच नाही आणि न देणारे निम्मे तिथलेच. हे आकड्यांच्या शीटमध्ये मला दिसलं नव्हतं.

शेवटी १५० वर तुटलं, ऑक्टोबरपासून, जुनी थकबाकी सोडून द्यायची आणि खालच्या टोकाला एक कॅमेरा. ८६ जणांनीच दिली तरी १,५४,८०० आणि व्याज मिळून खर्च जेमतेम निघतो, शंभर जणांनी दिली तर काकांचे फेडायला सुरुवात करता येईल. ७५ हजार निर्लेखित केल्याचा ठराव झाला. वहिनींसाठीचा ठराव एप्रिलमध्येच झाला होता, तो आज सभेत मोठ्यानं वाचला आणि फलकावर लावला.

१४ सप्टेंबर

रिटर्न भरलं, आयटीआर ५. मुदत यंदा ३१ जुलैची १५ सप्टेंबर केलेली म्हणून वाचलो. सभासदांची वर्गणी एक भाग, तो आपसातलाच पैसा म्हणून त्यावर कर नाही, आणि बँकेचं व्याज दुसरा, व्याज हे आपसातलं उत्पन्न धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानं बंगळुरूच्या एका क्लबच्या प्रकरणात २०१३ मध्ये ते स्पष्ट केलंय. आमचं व्याज इतकं कमी की कर शून्यच, पण दरवर्षी भरायचं.

१२ ऑक्टोबर

दीड लाखाच्या ठेवीची मुदत संपली. रिझर्व्ह बँकेनं यंदा फेब्रुवारी, एप्रिल, जून असा तीनदा मिळून रेपो (बँकांना ती कर्ज देते तो दर) एक टक्का उतरवलाय, साडेसहाचा साडेपाच, त्यामुळं गेल्या वेळचा दर मिळाला नाही. ही ठेव आता तीन भागांत केली, वेगवेगळ्या मुदतींची, म्हणजे सगळी एकदम पडत्या दरात सापडणार नाही आणि गरज पडली तर एकच मोडता येईल. नूतनीकरणाच्या तारखा संघाच्या खोलीत भिंतीवर लिहिल्यात, बॉलपेननं.

२ नोव्हेंबर

पाच पासबुकांतलं एक जे कुठंच जुळत नव्हतं, राष्ट्रीयीकृत बँकेतलं बचत खातं, शेवटचा व्यवहार २००४ चा. दहा वर्षं व्यवहार नसला की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. अशा ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधलं तर सापडेना, मग लक्षात आलं की पासबुकावर इंग्रजीत व्यापारीच्या शेवटी आयच्या जागी वाय छापलंय. तसं टाकलं आणि निघालं. पोर्टलवर फक्त शोध लागतो, पैसे मागायला शाखेतच जावं लागतं, आणि तिथं तीच प्रमाणित यादी, ठराव, केवायसी. ते सगळं आता तयार होतं. गेलेले २३ हजार होते, व्याजासकट ३२ हजारांच्या जरा आत मिळाले. निधीत असताना व्याज कमी असतं, आधी ४, मग साडेतीन, २०२१ पासून ३ टक्के, पण मिळतं. ही बातमी पेठेत पोचायला तासही लागला नाही आणि दोघांनी विचारलं की आता वर्गणी १०० वर आणायची का.

संघाचं मुख्य खातंही मोकळं झालं. क्यूआर आला, चिटणिसांच्या मुलाचा काढून तिथं लावला. रखवालदाराचा ऑक्टोबरचा पगार पहिल्यांदा संघाच्या चेकनं, त्याच्या नावावर, ११ हजार. त्यानं चेक उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, साहेब, माझं खातं नाही कुठं, मुलाच्या नावावर फाडून देता का.